डावाचा धनी

खेळाला मालक असू शकतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. शेताला मालक असतो, माडांच्या बागेला असतो, घराला असतो. कारण ही वस्तू दुसऱ्याने बळकावली तर पहिल्याजवळ ती उरत नाही. खेळाची गोष्ट निराळी. माझ्या ओटीवर मांडलेला डाव शेजाऱ्याने आपल्या ओटीवर मांडला, तर माझ्या हातचे एकही पान कमी होत नाही. किंबहुना एकट्याजवळ जपून ठेवलेला खेळ हा खेळच राहत नाही. असे असूनही ज्याने तो डाव रात्र रात्र जागून रचला, त्याला आपले काहीतरी नेले गेले असे वाटते, आणि हे वाटणे सर्वस्वी मिथ्या नसते. नेमके काय नेले गेले, हे ठरविणे मात्र कठीण आहे.

आपल्याच मुलखातील उदाहरण घेऊ. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पुष्कळांनी निदान काचेच्या कपाटात पाहिली असेल. चिंचोक्याच्या खळीने सांधलेली, लाखेने चकाकविलेली ती गोल पाने एकशे वीस असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, असा तो हिशेब आहे. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या रंगांत दश्शी थोर, तर पुढच्या पाच रंगांत एक्का थोर. दिवसा डाव असेल तर उतारी रामाची आणि रात्री असेल तर कृष्णाची. तिघांनी बसून चाळीस चाळीस पाने हाती घ्यायची आणि गेलेली पाने स्मरणात ठेवीत खेळायचे. हा डाव कोणी रचला? बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या बारा रंगांच्या गंजिफेचे वर्णन अबुल फजलाने केले आहे. तो परदेशी सांगाडा घेऊन त्यात दशावतार बसविणारा, आणि उतारी दिवसा रामाकडे व रात्री कृष्णाकडे सोपविणारा रसिक कोण होता, त्याचे नाव कोठेच नाही. पाने रंगविणाऱ्या चिताऱ्यांचीही नावे क्वचितच उरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला नष्टप्राय झाली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राणी सत्वशीलादेवींनी, राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभारी दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

याच्या उलट टोकाला म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार. १८६८ साली दिवंगत झालेल्या या राजाला पानांच्या खेळांचा विलक्षण नाद होता. त्याने स्वतः अनेक डाव रचले आणि ‘श्रीतत्त्वनिधि’ या आपल्या ग्रंथाच्या कौतुकनिधी नामक भागात त्यांची तपशीलवार नोंद करून ठेवली. त्यांपैकी चामुंडेश्वरीच्या डावात तीनशे वीस पाने आहेत. कर्ता ज्ञात, नियम लिखित, आश्रय साक्षात् सिंहासनाचा. संरक्षण म्हणून आणखी काय हवे? पण हे डाव राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत, आणि निनावी दशावतारी डाव मात्र शतकानुशतके ओसरीओसरीवर खेळला गेला. या दोन उदाहरणांवरून कित्येक जण घाईने असा सिद्धांत काढतील की मालकी आली की खेळ मरतो. मला तो मान्य नाही. तीनशे वीस पाने पिसायची तरी कोणी, हा साधा प्रश्नही विचारात घ्यावयास हवा.

हा सर्व ऊहापोह करण्यास निमित्त झाले ते एका बाईंच्या कामाचे. फोंडा तालुक्यात एका देवळाच्या आवाठात राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेने सुटीत जमणाऱ्या नातवंडांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापून एक डाव तयार केला होता. बारा महिने, दर महिन्याच्या चार तिथी आणि एक मासाचे पान, अशी साठ पाने. शिवाय अधिक महिन्याचे एक. महिन्याच्या चारही तिथी क्रमाने जुळविणाऱ्याने मासाचे पान उचलायचे. चित्रे भाच्याने हौसेने काढून दिलेली. मुलांना पंचांग कळावे एवढाच मूळ हेतू. पण खेळ इतका रंगला की शेजारच्या वाड्यांतून मागणी येऊ लागली, आणि देवस्थानच्या मंडळींनी उत्सवात तो छापून विकण्याचा बेत केला. बाईंनी कायद्याने काय रक्षण मिळते ते विचारले, तेव्हा मंडळींतील एक गृहस्थ किंचित दुखावून म्हणाले, “देवाच्या कामात मालकी कसली हो, बाई?”

कायद्याचे उत्तर प्रथम सांगतो, कारण ते तुलनेने सोपे आहे. खेळाची रीत कोणाची होत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात, पुढे झालेल्या दुरुस्तीने, खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला हात लावीत नाही, कल्पनेच्या आविष्काराला लावतो; आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. सबब बाईंनी लिहिलेले नियमपत्रक त्यांचे, परंतु त्यात सांगितलेला नियम सर्वांचा. तोच नियम दुसऱ्याने आपल्या शब्दांत लिहून, आपली चित्रे काढून डाव छापला तर त्याला अडविता येणार नाही. ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाच्या मालकांनी कोलकात्याच्या दोन भावांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा २००८ साली न्यायालयाने फळा व नियम यांबाबत कॉपीराइटखाली अंतरिम मनाई दिली नाही; नावाशी साम्य असलेले नाव वापरण्यास मात्र मनाई केली. म्हणजे खेळात सर्वांत भक्कम राखता येते ते त्याचे नाव. चित्रांचा प्रश्न आणखी नाजूक. मोल देऊन चित्र काढवून घेतले असते, तर एरवी काही ठरले नसल्यास स्वामित्व बाईंकडे आले असते. भाच्याने ते प्रेमापोटी, एक पैसा न घेता काढले, म्हणून त्याचे स्वामित्व त्याच्याकडेच राहिले. प्रेमाने दिलेल्या वस्तूला कायदा अधिक जपतो, हे ऐकून बाईंना हसू आले.

नाव राखता येते हे खरे, पण कोणतेही नाव नव्हे. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीच्या व्यापारासाठी आपले म्हणून नोंदविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणाही एकाला असा मक्ता सांगता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. हा निर्णय मला फार मार्मिक वाटतो. आपल्या कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, दागिने असतात, ती वादी होऊन न्यायालयात उभी राहते. परंतु तिचे नाव आणि तिची कथा यांना कुंपण घालता येत नाही. दशावतारांवर मालकी कोणाचीच नाही, आणि तिथींवर तर नाहीच नाही.

येथपर्यंत ते गृहस्थ माझ्याशी सहमत झाले असते. सामग्री सर्वांची, म्हणून कृतीही सर्वांची, हे त्यांचे पुढचे पाऊल मात्र मला चुकीचे वाटते. माती गावची असली तरी घडा कुंभाराचा असतो आणि त्याचे मोल आपण त्याला देतो. मालकी कसली, असे ज्या तोंडाने बाईंना विचारले गेले, त्याच तोंडाने छापखानेवाल्याला कोणी तसे विचारले नाही. त्याचे दरपत्रक आले, त्यावर घासाघीस झाली आणि अनामत रक्कम पोचलीही. देवाच्या कामात कागदाला किंमत आहे, शाईला आहे, यंत्राला आहे. किंमत नाही ती बुद्धीला, आणि त्यातही घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या बुद्धीला. दान हे दात्याने द्यावयाचे असते. घेणाऱ्याने ते परस्पर ठरवून टाकले म्हणजे त्याला निराळे नाव पडते.

असाच प्रकार अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी जमीनदारीतील अन्याय लोकांना उमजावा म्हणून पटावरचा एक खेळ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढील तीस वर्षे लोक तो घरी, हातांनी पट आखून खेळत राहिले, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे त्यात घालीत राहिले. अखेर चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने असाच एक पट ‘मोनोपॉली’ या नावाने स्वतःचा म्हणून विकला आणि तो धनाढ्य झाला. पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ साली मॅगीबाईंचे पेटंट विकत घेतले ते पाचशे डॉलरांना. आता, ज्या शेकडो घरांनी तो पट हाताने आखला त्यांनी चोरी केली काय? कोणीही तसे म्हणणार नाही. खेळ जिवंत राहिला तो त्यांच्यामुळे. डॅरोचा दोष, मला वाटते, विकण्यात तितकासा नाही. ‘हे मी रचले’ या तीन शब्दांत आहे. मॅगीबाईंचे पैसे तर गेलेच, पण त्याहून मोठी गोष्ट गेली ती त्यांचे कर्तेपण, आणि ते उजेडात यावयास १९७० नंतरची कोर्टकचेरी व्हावी लागली. तोवर बाई हयात नव्हत्या. याउलट हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली बोटीच्या प्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती पक्की केली आणि ती टंकलिखित करून मित्रांना वाटून टाकली. तो कुबेराच्या घरचा; त्याला औदार्य परवडत होते, हा भाग सोडला तरी जगाने त्याचे नाव विसरले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कर्तेपण आणि मालकी या दोहोंची फारकत आपल्या परंपरेला पूर्वीपासून परिचित आहे. संतांनी अभंग विकले नाहीत, कोणाला गाण्यास मनाई केली नाही. पण शेवटी आपली नाममुद्रा घातली. नामदेवांच्या घरच्या दासीने, जनाबाईनेही, ती घातली. कीर्तनकाराने तो अभंग हजार वेळा म्हणावा, परंतु मुद्रा बदलू नये. गंमत अशी की आपल्याकडे चोरीपेक्षा उलटाच प्रकार बोकाळला: लोकांनी स्वतःची रचना संतांच्या मुद्रेखाली खपविली, आणि ती निवडून काढता काढता संशोधकांच्या नाकी नऊ आले. आजच्या कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमात या मुद्रेचाच अंश आहे, असे मला वाटते. स्वामित्व विकून टाकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि ती विद्रूप केल्यास हरकत घेण्याचा हक्क त्या कलमाने कर्त्याजवळ राखून ठेवला आहे.

बाईंच्या डावात मात्र ही मुद्रा कोणाची, हा प्रश्न अखेर त्यांनीच उपस्थित केला, आणि तो माझ्या पुस्तकांत नव्हता. अधिक महिन्याचे पान आरंभी निरुपयोगी होते. कोणाच्या हाती आले तरी काही घडत नसे. नऊ वर्षांचा नातू एके दिवशी म्हणाला, “आजी, अधिकात शुभकार्ये थांबतात ना? मग ज्याला हे पान येईल त्याने एक फेरी थांबायचे.” या एका नियमाने डावात प्राण आला. मुले त्या पानाला ‘अधिकराव’ म्हणू लागली आणि तेच पुढे खेळाचे नाव झाले. ‘तिथी’ हे नाव वर्णनपर असल्याने नोंदविणे दुष्कर होते. ‘अधिकराव’ हे नाव अगदी योग्य. म्हणजे डावातील सर्वांत रसाळ नियम, ज्याला कायदा मुळीच राखत नाही, तो त्या मुलाचा. आणि कायदा सर्वांत घट्ट राखतो ते नावही मुलांचेच. बाईंच्या हातात उरले काय? साठ पानांचा क्रम, पत्रकाची भाषा, आणि चार उन्हाळे मुलांना घेऊन बसण्याची चिकाटी. ही चिकाटी मी फार मोठी मानतो. अधिकरावाची कल्पना अचूक क्षणी ऐकून घेणारी आजी नसती, तर ती दुपारच्या गलक्यात विरून गेली असती. तरीपण ती कल्पना बाईंना सुचली नव्हती, आणि बाईंना ते विसरायचे नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने नातू सहकर्ता ठरत नाही; त्याने नियमपत्रकातील एक ओळही लिहिली नव्हती. व्यवहारापुरता मी तसा सल्ला दिला आणि त्यात पालट करण्याचे कारण मला दिसत नाही. कागदपत्रांचे म्हणाल तर ते असे झाले: देवस्थानला एका उत्सवापुरता पाचशे संच छापण्याचा लेखी परवाना, कारण मुदत न घालता लिहून दिले तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, भाच्याकडून चित्रांविषयी वेगळे संमतिपत्र, आणि नावाच्या नोंदणीचा अर्ज. देवस्थानने मोबदला म्हणून काही रक्कम देऊ केली. बाईंनी ती घेतली, पावती दिली आणि मग त्यातील अर्धी आपण होऊन फंडपेटीत टाकली. ते गृहस्थ त्या वेळी तेथे होते. ते काही बोलले नाहीत.

नियमपत्रकाचा मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला, तेव्हा त्यात अधिकरावाच्या नियमाखाली तो सुचविणाऱ्या मुलाचे नाव आणि त्याचे त्या वेळचे वय छापलेले होते. शेवटी बाईंनी एक सूचना घातली होती: ज्यांना संच विकत घेणे जमत नसेल त्यांनी घरी पुठ्ठा कापून पाने करावी, मापे मागील बाजूस दिली आहेत. छापखानेवाल्याने ती सूचना गाळण्याविषयी विचारले होते. खपावर परिणाम होईल म्हणून. बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिले होते, “राहू द्यावी.” मीही तेथे काही बदलले नाही.