बत्तीस सोनाटा कोणाकडून ऐकायचे?

फोनवरच्या कुठल्याही म्युझिक अ‍ॅपमध्ये 'बीथोव्हन पियानो सोनाटा' असं टाइप करून बघा. सगळ्या 32 सोनाटांचे डझनावारी संच समोर येतात. प्रत्येक संच साधारण दहा तासांचा. कागदावरचे सूर तेच, वाजवणारा माणूस वेगळा. मग पुढची पायरी ठरलेली असते. 'सर्वोत्तम कोणता' हे शोधायचं, याद्या वाचायच्या, प्रत्येकाच्या 'मूनलाइट'ची पहिली दोन मिनिटं ऐकून बघायची. आठवडा संपतो, तेव्हा आपण 'मूनलाइट'ची वीस-तीस वेळा सुरुवात ऐकलेली असते आणि एकही सोनाटा पूर्ण ऐकलेला नसतो.

यावर 'जास्त पर्याय म्हणजे जास्त गोंधळ' असं म्हणून विषय संपवता येईल. पण मला वाटतं, हा प्रश्न फक्त गोंधळाचा नाही. रेकॉर्डिंग निवडताना आपण एखादी वस्तू निवडत असतो की एखादा माणूस? आणि माणूस निवडत असलो, तर त्या माणसाचं आपण काही देणं लागतो का?

आधी थोडी पार्श्वभूमी. बीथोव्हननं हे सोनाटा एक 'संच' म्हणून लिहिले नव्हते. ओपस 2 चे पहिले तीन 1796 मध्ये छापले गेले आणि त्यानं ते हायडनला अर्पण केले. शेवटचा, ओपस 111, 1822 मध्ये पूर्ण झाला. मधल्या पाव शतकात एक तडफदार तरुण वादक बहिरा होत गेला, आणि ते सगळं या संगीतातून ऐकू येतं. म्हणून पुढच्या पिढ्यांना हा प्रवास सलग ऐकावासा वाटू लागला. लहानपणी लिहिलेले तीन सोनाटा मोजणीतून बाहेर राहिले आणि 32 हा आकडा पक्का झाला.

हा अख्खा प्रवास रेकॉर्ड करणारा पहिला वादक आर्तूर श्नाबेल. 1932 ते 1935 या काळात लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यानं हे काम केलं. तबकड्या आगाऊ वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मिळायच्या. एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, त्यामुळे एकेक सोनाटा तुकड्यातुकड्यांत वाजवावा लागे. ज्यानं त्या काळात वर्गणी भरली, त्याच्या घरी बीथोव्हन म्हणजे श्नाबेल. दुसरा संचच नव्हता. आपल्याला त्याची कीव यायचं कारण नाही. निवडीतून सुटका झाल्यामुळे त्याच्याकडे ऐकायला वेळ होता.

आता 'सर्वोत्तम' या शब्दाकडे येऊ. कुठलीही यादी क्रमानं लावायची, तर दोन गोष्टींपैकी वरची कोणती हे सांगणारा नियम आधी हातात लागतो. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे त्याला कम्पॅरेटर म्हणतो. तो नसेल तर यादी कितीही मोठी असो, सॉर्ट होत नाही. इथे तो नियम म्हणजे आपला कान. आणि नवख्या माणसाचा कान अजून तयार झालेला नसतो. तो तयार होतो पहिल्यांदा मनापासून ऐकलेल्या रेकॉर्डिंगवर. ज्याच्याकडून ओपस 109 चा शेवट तुम्ही पहिल्यांदा ऐकाल, त्याची लय तुम्हाला 'बरोबर' वाटू लागेल, बाकीचे घाईचे किंवा रेंगाळणारे वाटतील. म्हणजे सर्वोत्तम निवडायला लागणारा कान निवड केल्यानंतरच मिळतो.

मग सरळ तज्ज्ञांचं ऐकावं? किंवा नाव झाकून, डोळे मिटून ऐकावं आणि फक्त आवाजावर विश्वास ठेवावा? या दोन्ही उपायांची परीक्षा घेणारी एक खरी घटना आहे.

जॉइस हॅटो या इंग्लिश पियानोवादक. त्यांच्या उतारवयात त्यांच्या पतीच्या छोट्या कंपनीनं त्यांच्या नावावर शंभराहून अधिक सीडी काढल्या. आजारी, लोकांच्या नजरेआड गेलेली वृद्धा घरात बसून जगातलं अवघडातलं अवघड संगीत वाजवते आहे, अशी ती गोष्ट होती. समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. 2006 मध्ये त्या गेल्या. 2007 च्या फेब्रुवारीत कुणीतरी त्यांची लिस्टची सीडी संगणकात घातली आणि आयट्यून्सनं वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमोन. ध्वनिलहरी ताडून पाहिल्या तेव्हा कळलं, दुसऱ्यांची रेकॉर्डिंग्ज उचलून, काहींचा वेग किंचित बदलून, हॅटोंच्या नावावर विकली होती. पुढे पतीनं कबुलीही दिली.

आता विचार करा. ज्यांनी त्या सीडी ऐकून डोळे पुसले, त्यांचे अश्रू खोटे होते का? वादन खरंच उत्तम होतं. 'फक्त आवाज महत्त्वाचा' असं खरोखर मानत असू, तर या फसवणुकीत श्रोत्याचं काहीच गेलं नाही असं म्हणावं लागेल. तसं म्हणायला जीभ वळत नाही. कारण ऐकताना आपण समजून चाललो होतो की हे हात अमुक बाईंचे आहेत, हे श्रम त्यांचे आहेत. आपली दाद एका माणसाला दिलेली होती आणि ती भलत्याच पत्त्यावर पोचली. सिमोन यांच्या वाट्याचं कौतुक दुसऱ्याच्या नावावर जमा झालं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: रेकॉर्डिंग निवडताना आपण माणूस निवडतो. तज्ज्ञ त्यात फसू शकतात आणि कानही पुरा पडत नाही.

हे मान्य केलं की रेकॉर्डिंगमधले 'दोष' वेगळे दिसू लागतात. श्नाबेलच्या संचात चुकीचे सूर आहेत आणि ते लपवायला टेपची काटछाट तेव्हा नव्हती. ओपस 106, म्हणजे 'हामरक्लाव्हिअर', हा एकच सोनाटा असा की ज्यावर बीथोव्हननं स्वतः मेट्रोनोमचे आकडे लिहिले. पहिल्या भागाचा आकडा इतका वेगवान आहे की बहुतेक वादक तो सोडून देतात. श्नाबेल तो गाठायला जातो आणि बोटं अडखळतात. बिनचूक पण सुरक्षित वेगातलं वादन जास्त चांगलं की लेखकाचं म्हणणं गंभीरपणे घेऊन पडलेलं? याचं उत्तर रेटिंगमध्ये मिळणार नाही. तुम्हाला कुठल्या प्रकारचा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो, यावर ते ठरतं.

यापेक्षा अवघड गोष्ट अ‍ॅनी फिशर यांची आहे. बुडापेस्टच्या या वादिकेनं 1977-78 मध्ये हंगरोटन कंपनीसाठी सगळे सोनाटा रेकॉर्ड केले. त्यांना स्टुडिओ आवडत नसे. श्रोत्यांशिवाय वाजवणं त्यांना मानवत नसे. केलेल्या कामावर त्यांचं समाधान झालं नाही आणि हयातीत त्यांनी हा संच बाहेर येऊ दिला नाही. 1995 मध्ये त्या गेल्या, त्यानंतर तो प्रकाशित झाला. आज अनेक जाणकार तो फार वरचा मानतात.

ज्या बाईनं 'हे नको' म्हटलं, तिचं काम आपण प्ले दाबून ऐकावं का?

बचाव सोपा आहे. मेलेल्या माणसाला इजा होत नाही, आणि जगाला केवढा ठेवा मिळाला! पण हा बचाव पुरत नाही. आजीच्या कपाटातली वही तिच्यामागे वाचायची की नाही, या प्रश्नाशी आपण अडखळतोच. इजा होत नसली तरी शब्द मोडल्याची जाणीव होते.

दुसरा विचार मला जास्त पटतो. 'कधीच नको' आणि 'अजून नको' यांत फरक आहे. ज्याला कामाची चाड आहे त्याचं 'अजून नको' संपतच नाही. फिशर यांनी टेप जाळून टाका म्हटल्याचं कुठे नोंदलेलं नाही. त्यांनी फक्त संमती दिली नाही. आणि या 32 सोनाटांतच असं उदाहरण बसलेलं आहे. ओपस 49 चे दोन छोटे सोनाटा बीथोव्हननं कितीतरी वर्षं आधी लिहून बाजूला ठेवले होते. 1805 मध्ये ते छापले गेले, ते त्याच्या भावानं परस्पर प्रकाशकाकडे दिल्यामुळे, असं मानलं जातं. आज पियानो शिकणारी जगभरची मुलं त्यांच्यावर हात बसवतात. कर्त्याची संमती हीच एकमेव कसोटी धरली, तर 'संपूर्ण 32' हा संचसुद्धा उभा राहत नाही.

म्हणून फिशर यांचं वादन ऐकावं, असंच मी म्हणेन. पण एक अट घालून. ते स्पर्धेत उभं करू नये. ज्या कामाला तिनं स्वतः पास केलं नाही, ते दुसऱ्यांच्या पूर्ण केलेल्या कामाशेजारी ठेवून तारे वाटणं मला अन्यायाचं वाटतं, तारे पाच दिले तरीही. तिला जे अपुरं वाटलं ते काय असेल, हे शोधत ऐकता येतं. त्यासाठी मात्र हे सोनाटा आधी चांगले ओळखीचे हवेत. अनोळखी माणसाला तिची खळखळ ऐकूच येणार नाही.

यातून निवडीचं एक व्यवहारी उत्तर निघतं. पहिला संच 'सर्वोत्तम' असण्याची गरज नाही. तो पूर्ण असावा, वादकानं स्वतःहून दिलेला असावा आणि आवाज फोनवरही स्पष्ट लागावा, म्हणजे पुरे. विल्हेल्म केम्फचा 1964-65 चा स्टिरिओ संच या कामाला छान आहे. तो ओरडत नाही, गोष्ट सांगतो. आठवड्याला एक सोनाटा धरला तर सात-आठ महिने जातील. तोवर दुसरं काही उघडू नका. आपल्याकडे पूर्वी शिष्याला सुरुवातीला एकाच घराण्याचं गाणं ऐकू देत. त्यात संकुचितपणा होताच, पण कान कुठेतरी मुक्कामाला राहिल्याशिवाय फरक ऐकू येत नाही, ही समजही होती. त्यानंतर श्नाबेल. त्यानंतर फिशर.

आणि मग एमिल गिलेल्स. त्यानं 1972 पासून हे काम हाती घेतलं आणि 1985 मध्ये तो गेला, तेव्हा पाच सोनाटा राहिले होते. शेवटचा ओपस 111 त्यातच गेला. त्यामुळे अ‍ॅपवर त्याचा संच ऐकत ऐकत तुम्ही 31व्या सोनाटापर्यंत याल, आणि पुढे काही नसेल. 32वा दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकावा लागेल. तोवर कुणाकडून ऐकायचा, हे तुम्हाला यादी न बघता ठरवता येईल.