जंतू नाहीत, हे कशावरून?

डोळ्यात घालायचे थेंब, किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत खेळवायचे द्रावण, निर्जंतुक असावे लागते. ‘निर्जंतुक’ हा अभाव सांगणारा शब्द आहे. द्रावणात मीठ ०.९ टक्के आहे, हे मोजून सांगता येते. जंतू नाहीत, हे कशावरून सांगायचे? औषध तयार करणाऱ्याच्या रोजच्या कामातला हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार पूर्वी हाताळलेला आहे.

मीमांसक कुमारिल भट्टाने अभावाच्या ज्ञानासाठी एक स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. त्यालाच पुढे अनुपलब्धी हे नाव रूढ झाले. जमिनीवर घडा नाही, हे घडा न दिसल्यामुळे कळते. नैयायिकांच्या मते हे ज्ञान प्रत्यक्षातच मोडते. तो वाद लांबला, पण त्यातून एक अट पक्की झाली: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ही अट अधिक काटेकोर केली. जे स्वभावतःच आपल्याला दिसण्याजोगे नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाही. त्या परंपरेत यासाठी पिशाचाचा दाखला देतात. बाटलीतला जिवाणू याच वर्गातला. एका मिलीलिटरात हजारो जिवाणू असले तरी पाणी नितळच दिसते. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडलेल्या स्युडोमोनास या जिवाणूच्या साथीत ८१ रुग्ण नोंदले गेले. १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघे दगावले.

मग तपासणी करावी, असे सहज सुचते. औषधसंहितेतील चाचणीत नमुना पोषक माध्यमात १४ दिवस ठेवून काही वाढते का ते पाहतात. पण जी बाटली तपासली ती संपली, आणि जी डोळ्यात जाते ती तपासलेली नसते. एखाद्या बॅचमधल्या शंभरात एक बाटली दूषित असेल आणि त्यातल्या २० तपासल्या, तर शंभरपैकी सुमारे ८२ वेळा ती बॅच चाचणीत निर्दोष ठरेल. शिवाय बुबुळावरचा व्रण चिघळलेला असताना १४ दिवस थांबायला सवड नसते. शेतात पात किंवा काडी लागून झालेल्या अशा व्रणासाठी रुग्णालयाच्या औषधशाळेत तीव्र मात्रेचे थेंब त्याच दिवशी बनवावे लागतात. सेफाझोलिन या प्रतिजैविकाच्या ५०० मिलिग्रॅमच्या कुपीत १० मिलीलिटर निर्जंतुक द्रव घातला की पाच टक्क्यांचे थेंब होतात. हे औषध ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, घालता येत नाही, उष्णतेने ते बिघडते. म्हणून सगळी भिस्त हाताळणीवर.

इथे ज्ञानाचा आधार वस्तूकडून कृतीकडे सरकतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटे, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, फिल्टर फाटला नव्हता याची वापरानंतर दाबाने केलेली खात्री, लॅमिनार फ्लोची, म्हणजे एकाच दिशेने संथ वाहणारी, गाळलेली हवा आणि सुईचे टोक यांच्यामध्ये बोट येऊ न देणे: या प्रत्येक पायरीवरून जंतूंच्या अभावाचे अनुमान केले जाते. माणसाची परीक्षाही अशीच होते. औषधाच्या जागी जिवाणूंना पोसणारे माध्यम देऊन त्याच्याकडून सगळी कृती करवून घेतात. माध्यम गढूळ झाले तर त्याचा हात अजून तयार नाही. हे अनुमान शंभर टक्के निश्चित नसते, आणि शास्त्र ते मान्य करते. भरून, सीलबंद करून मग उष्णतेने निर्जंतुक केलेल्या बाटल्यांसाठीसुद्धा हमी दहा लाखांत एकाहून अधिक बाटली दूषित नसावी एवढीच असते. शिवाय जंतू मेले तरी त्यांच्या पेशीभित्तिकेचे विष ऑटोक्लेव्हमध्ये टिकून राहते आणि डोळ्याच्या आत दाह घडवू शकते.

या शिस्तीची तुलना सोवळ्याशी होते, आणि ती निराधार नाही. सोवळेही कापडात दिसत नाही. ते कसे धुतले, कुठे वाळत घातले, कशाला लागले, यावरून ठरते. पण सोवळ्याने काही माणसांचा स्पर्श जन्मानेच अपवित्र ठरवला, आणि तो अन्याय होता. लॅमिनार फ्लोसमोर प्रत्येक हात अशुद्ध धरला जातो. सर्वांत आधी औषध बनवणाऱ्याचा स्वतःचा. शुद्धतेच्या कल्पनेत याहून मोठा पालट क्वचितच झाला असेल.

रुग्णापर्यंत यातले फक्त लेबल पोहोचते. त्याच्यासाठी ते शब्दप्रमाण आहे, आणि शब्द आप्ताचा असेल तरच प्रमाण. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची व्याख्या दिली आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो. औषधशाळेत आप्तपणाचा पुरावा म्हणजे बॅचची नोंद: वेळ, तापमान, फिल्टरचा क्रमांक, करणाऱ्याची सही आणि शेजारी उभे राहून पाहणाऱ्याची दुसरी सही. न पाहता केलेली दुसरी सही म्हणजे खोटी साक्ष. नोंदीतली एखादी पायरी रिकामी राहिली असेल, तर द्रावण कितीही नितळ दिसत असले तरी ते ओतून द्यावे आणि थेंब पुन्हा पहिल्यापासून करावेत.