पेला आणि घसारा

मध्यमवर्गीय घरात वस्तूंचे दोन वर्ग असतात: वापरायच्या आणि ठेवायच्या. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी आणि कान तुटलेला कप घरच्या कर्त्या पुरुषासाठी, असा आपला अलिखित कायदा आहे. तेव्हा घराचा मालक कोण आणि पाहुणा कोण, याचा एकदा नीट हिशेब व्हायला हवा.

आता या हिशेबात वाइनची भर पडली आहे. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि नाशिकच्या द्राक्षांना नवं सासर मिळालं. शनिवारी संध्याकाळी चार मित्रांनी घरी बसून थोडी थोडी चाखून बघावी, इतपत धीर हळूहळू आम्हां कारकुनांनाही आला. प्रश्न राहिला पेल्याचा. स्टीलच्या फुलपात्रात वाइनचा रंगच दिसत नाही, आणि तिचा निम्मा तोरा तर रंगात!

दुकानदाराला विचारावं, तर तो लालसाठी एक, पांढरीसाठी दुसरा आणि फसफसणारीसाठी तिसरा पेला पुढे करतो. ऑस्ट्रियातल्या रीडल कंपनीने तर 1973 साली वाइनच्या प्रकारागणिक वेगळ्या पेल्यांची मालिकाच काढली. जातवार वेगळ्या पेल्यांचा आपला स्वतःचा इतिहास काही अभिमान बाळगावा असा नाही, त्यामुळे मी तरी तिथे जरा बिचकतोच.

खरं म्हणजे साध्या चाखण्याला फार काही लागत नाही. काच स्वच्छ, बिननक्षीची हवी. पोट मोठं आणि तोंड थोडं आवळलेलं हवं, म्हणजे वाइन गोल फिरवली की सुटलेला वास तोंडापाशी जमतो. आपण चव म्हणतो तिच्यात मोठा वाटा वासाचा असतो. सर्दी झाली की घरची आमटीही खाणावळीतली लागते, ती त्यामुळेच. दांडी असली तर तळहाताची ऊब वाइनला लागत नाही. आणि पेला तिसरा हिस्साच भरावा. हे मात्र अवघड आहे. इतकं कमी वाढलं तर आपल्याकडे पाहुणा वर्षभर सांगत फिरतो.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1977 साली चाखण्याचा एक पेला ठरवून दिला आहे. मावतं सुमारे 215 मिलिलिटर, ओतायची 50. म्हणजे 750 च्या एका बाटलीत पंधरा जणांचं भागतं! असली उदाहरणं बी.कॉम.ला असती तर वर्गात हजेरी वाढली असती. शिवाय लाल असो की पांढरी, पेला तोच. मला ही समता आवडते.

मग महागडा, कागदासारखा पातळ पेला घेऊच नये का? ओठाला तो छानच लागतो. पण तो हातात आला की माणूस वाइन चाखत नाही, पेला सांभाळतो. यजमान 'होऊ दे सावकाश' म्हणतो, ते आग्रहाने नव्हे, काळजीने.

इथे बँकेची नोकरी उपयोगी पडते. बँकेत खुर्चीवरही दरवर्षी घसारा आकारतात. खुर्ची तीच, बसणाराही तोच. पण वस्तू झिजणार, हे वह्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. घरी आपण कशावरच घसारा आकारत नाही. म्हणून आपला कप दहा वर्षांनी फुटला तरी पूर्ण किमतीला फुटतो, आणि ती किंमत बहुधा भांडी घासणाऱ्या बाईंना ऐकावी लागते.

पेला आणला त्याच दिवशी मनातल्या खतावणीतून त्याची सगळी किंमत वजा करावी. तेवढं जमेल इतक्याच किमतीचा घ्यावा. स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला की आपल्या तोंडून आधी काय निघतं, 'लागलं नाही ना?' की 'कुठला फुटला?' जिथपर्यंत पहिला प्रश्न आधी येतो, तिथपर्यंत आपली ऐपत. त्यापुढचा पेला परवडत नाही, मग पगार कितीही असो.

आणि सहांतले चार उरले, तर चौघांनी बसावं.