सस्पेन्स खातं

जुन्या सिनेमांचं एक बरं होतं. शेवटच्या रिळात पोलीस येत, व्हिलनच्या हातात बेड्या पडत, हीरोची आई डोळे पुसत असे, आणि सगळी मंडळी ग्रुप फोटोला उभी राहावीत तशी हसत एका ओळीत उभी राहिली, की पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी येई. पाटी यायच्या आधीच निम्मं थिएटर पायांनी चपला चाचपत असे. जमाखर्च जुळला, वही बंद, चला घरी.

हल्ली सिनेमा संपतो आणि घरात भांडण सुरू होतं.

परवा आमच्या चिरंजीवांनी 'शटर आयलंड' नावाचा इंग्रजी सिनेमा लावला. सिनेमा २०१० सालचा. पण आमच्या घरी सगळंच उशिरा येतं, एरिअर्ससारखं. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, हीरो लिओनार्डो डिकॅप्रिओ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हे पान उलटावं, कारण मी शेवट सांगणार आहे. म्हणजे सांगायचा प्रयत्न करणार आहे. शेवट काय आहे हे कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

गोष्ट १९५४ सालची. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका बेटावर वेड्या गुन्हेगारांचं इस्पितळ आहे. तिथली एक बाई कुलूपबंद खोलीतून नाहीशी होते आणि तिच्या तपासाला टेडी डॅनियल्स नावाचा सरकारी अंमलदार बोटीतून येतो, सोबत चक नावाचा नवा जोडीदार. दोन तास वादळ, पाऊस, दीपगृह, डॉक्टरांची संशयास्पद तोंडं. शेवटी कळतं की तपास करणारा हा टेडीच दोन वर्षांपासून तिथला रुग्ण आहे. खरं नाव अँड्र्यू लेडिस. त्याच्या बायकोचं डोकं फिरलेलं होतं, यानं तिकडे काणाडोळा केला आणि दारू जवळ केली. एक दिवस घरी येऊन बघतो तर तिनं तिन्ही मुलं तळ्यात बुडवलेली. यानं तिला गोळी घातली. पुढे हे सगळं सोसेना, म्हणून त्यानं आपल्याच नावाची इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी करून एक नवा, शूर, निर्दोष माणूस बनवला आणि त्याच्यात राहायला गेला. तपास वगैरे सगळं डॉक्टरांनी रचलेलं नाटक. आणि जोडीदार चक म्हणजे त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर शीहन.

इथपर्यंत आमच्या घरात एकमत होतं. चिरंजीवांनी तर सिनेमा मागे नेऊन पुरावे दाखवले. चकला कमरेचं पिस्तूल धड काढता येत नाही, कारण तो पोलीसच नव्हे. एक रुग्ण बाई पाणी पिते, तेव्हा एका दृश्यात तिच्या हातात पेलाच नसतो. "ही चूक नाही बाबा, मुद्दाम केलंय!" आमच्या शाखेत अशी एन्ट्री सापडली तर ऑडिटर 'मुद्दाम' हा शब्द अगदी वेगळ्या सुरात उच्चारतात.

भांडण शेवटावरून. अँड्र्यूला सगळं आठवतं, तो कबूल करतो. पण डॉक्टर सांगतात की असं नऊ महिन्यांपूर्वीही झालं होतं आणि तू पुन्हा घसरलास; या वेळी घसरलास तर मेंदूची शस्त्रक्रिया. दुसऱ्या सकाळी तो पायरीवर बसलेला असतो. शेजारी डॉक्टर शीहन. तो त्यांना 'चक' म्हणतो, बेटावरून निसटायच्या गोष्टी करतो. डॉक्टर लांबूनच मानेनं खूण करतात, की घसरला. माणसं न्यायला येतात. आणि उठता उठता तो विचारतो, वाईट काय? राक्षस म्हणून जगणं, की भला माणूस म्हणून मरणं? शीहन मागून 'टेडी' अशी हाक मारतात. तो वळून बघत नाही. दीपगृह दिसतं आणि सिनेमा खलास.

"तो शुद्धीवर आहे, नाटक करतोय," चिरंजीव म्हणाले.

"कसली शुद्ध! वेडा माणूस काहीतरी बडबडतो," मेहुण्यांचा निकाल.

ही म्हणाली, "तीन लेकरं गेली, त्या बाईबद्दल कोणीच काही बोलत नाही." मग ती दूध तापवायला गेली. तिचा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे आम्ही तो सोडून दिला.

आता मी बी.कॉम. आमच्याकडे न जुळणाऱ्या रकमेची सोय आहे. पैसे आले, पण कोणाचे, कशापोटी ते कळत नाही, तर ते 'सस्पेन्स खात्या'त टाकतात. खुलासा मिळाला की तिथून योग्य खात्यात. मी म्हटलं, हा शेवट सस्पेन्सला टाका आणि जेवायला बसा. पण सस्पेन्स खात्याचीही एक अट असते. रक्कम तिथे कायमची ठेवता येत नाही. वरून पत्रं येतात.

तशी मला पत्रं येऊ लागली, रात्री, अंथरुणात. माझं मत चिरंजीवांच्या बाजूचं आहे. इतका मोजूनमापून विचारलेला प्रश्न बडबडीत बसत नाही. डेनिस लेहेन यांच्या ज्या २००३ सालच्या कादंबरीवर सिनेमा आहे, तिच्यात तो प्रश्न नाही, सिनेमावाल्यांनी घातलाय. प्रश्न घालणाऱ्यानं तो वेड्याच्या तोंडी वाया घालवण्यासाठी घातला नसणार. पण मग दुसरीच अडचण येते. भला माणूस मेला म्हणायचं, तर तो भला माणूस कोण? टेडी. आणि टेडी तर कधी नव्हताच! म्हणजे पुण्य जमा झालं ते बोगस खात्यावर. अँड्र्यूच्या नावावर बाकी होती तेवढीच राहिली.

शिवाय ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, तेही बघा. मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायचे. पोर्तुगालच्या एगाश मोनीझ यांनी १९३५ मध्ये ती सुरू करवली आणि १९४९ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमननी १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून, बर्फ फोडायच्या टोच्यासारखं हत्यार घालून ती करायला सुरुवात केली. आणि वेडावरचं पहिलं मोठं औषध, क्लोरप्रोमाझिन, अमेरिकेत वापरात आलं ते १९५४ मध्येच. म्हणजे गोळीची बाटली दाराशी आली होती, आणि हा गृहस्थ टोच्याकडे चालत गेला. आपण होऊन. त्याला दुःख नको होतं असं नाही म्हणवत. त्याला ज्याला दुःख होतं तो माणूसच नको होता. हे मरण की पळ, मला ठरवता येत नाही.

पण माझी झोप अँड्र्यूनं नाही मोडली, त्या शीहननं मोडली. हाक मारली, म्हणजे त्याला शंका आली. मग धावला का नाही? 'थांबा, हा शुद्धीवर आहे' असं ओरडला का नाही?

आमच्या काउंटरवर दर एक तारखेला एक आजोबा येतात. पेन्शनची नोंद करून घेतात आणि विचारतात, "चिरंजीवांचे पैसे आले का हो?" चिरंजीवांना जाऊन तीन वर्षं झाली. खातं आमच्याच शाखेत होतं, वारस म्हणून नाव आजोबांचं. मृत्यूच्या दाव्याचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर भरला. सही इतकी स्वच्छ होती की नमुन्याशी ताडून बघायची गरज पडली नाही. विचारणं त्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झालं. पहिल्या वेळी मला काही सुचलं नाही, म्हणून म्हटलं, "अजून नाही, आजोबा." ते "बरं" म्हणून गेले. तेव्हापासून दर महिन्याला हेच. खोटं नाही म्हणावं तर नाही. पैसे अजून आलेले नाहीत हे शंभर टक्के खरं आहे.

मध्यंतरी मी चार दिवस रजेवर होतो. परत आल्यावर आजोबा नेमके मधल्या तारखेला आले. पासबुक पिशवीत घालत म्हणाले, "तुम्ही नव्हतात तेव्हा त्या नव्या मुलीनं मला सांगितलं, की खातं बंद झालंय, तुमचा मुलगा वारला. नवीन आहे बिचारी. तिला जरा समजावून सांगा."

आणि गेले. काय समजावून सांगू, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. हाकही मारली, "आजोबा!" त्यांना ऐकू कमी येतं. निदान मी तसं धरून चाललो.

गेल्या एक तारखेला काउंटरवर तीच मुलगी होती. "आले का हो?" तिनं उगाच दोनचार बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून नाही, आजोबा."

मी मागे शंभराच्या नोटा मोजत होतो. मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.