फलाशा, परिणाम आणि शिसे

उपयोजित संशोधनाची सुरुवातच फळापासून होते. इंजिनाचा खडखडाट थांबावा, औषध स्वस्त पडावे, त्याच उन्हातून अधिक वीज मिळावी, अशी एखादी गरज आधी ठरते आणि मग तिच्यासाठी रसायन, यंत्र किंवा प्रक्रिया शोधली जाते. त्यामुळे गीतेतला कर्मयोग या कामाला लावू गेले की अडचण उभी राहते. माणसाचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. पण जे कर्म फळ डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय सुरूच होत नाही, त्याचे काय? प्रयोगशाळेतल्या माणसाने फळाचा विचार सोडला तर तो काम कसले करणार, आणि न सोडला तर त्या कामाला निष्काम कसे म्हणायचे?

व्यवहारात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. हेतू चांगला होता, शोध लागला, पुढे कोणी त्याचे काय केले याला शोधक जबाबदार नाही, हे पहिले उत्तर. दुसरे अगदी उलट: शोधातून जे जे निपजले ते सगळे शोधकाच्या खात्यावर. पहिल्या उत्तराने संशोधक फार लवकर सुटतो. दुसऱ्याने त्याला जे कळणे शक्यच नव्हते त्याचाही जाब द्यावा लागतो.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हा वाद मुळापासून तपासला आहे. बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांच्या मताप्रमाणे कर्माची किंमत त्याच्या बाह्य परिणामावर, म्हणजे पुष्कळांच्या पुष्कळ सुखावर ठरते. टिळकांना ही कसोटी अपुरी वाटते, आणि त्यासाठी ते एका अमेरिकन शहरातल्या ट्रामचे उदाहरण घेतात. मंजुरीला उशीर होत होता म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली. तरीही तो दोषी ठरला. परिणाम चांगला असूनही कर्म निर्दोष ठरले नाही, कारण पाहायची ती कर्त्याची बुद्धी. आणखी एक भेद टिळक आग्रहाने करतात. सोडायची ती फलाशा, म्हणजे फळ मलाच मिळावे ही आसक्ती. फळ मिळेल अशा बेताने कर्म आखणे गीतेने कुठेही निषिद्ध मानलेले नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांतही हाच सूर आहे: ज्याचे चित्त फळात गुंतलेले नाही त्याचे सगळे लक्ष कर्मावर राहते, म्हणून त्याचे कर्म अधिक चांगले होते.

तरीही बुद्धी शुद्ध आहे एवढ्यावर भागते का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि संशोधनाच्या दृष्टीने ते निष्काम कर्माच्या प्रसिद्ध श्लोकापेक्षाही मोलाचे आहे. तिथे कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस कर्म म्हणजे दुष्ट हेतूने केलेले कर्म, अशी सर्वसाधारण समजूत असते. गीता तसे म्हणत नाही. पुढे काय ओढवेल, किती नाश होईल, कोणाला इजा पोचेल आणि आपली कुवत किती, हे न पाहता मोहापायी आरंभलेले कर्म ती तामस ठरवते. दोष न पाहण्याचा आहे. म्हणजे फळाची आसक्ती सोडायला सांगणारा ग्रंथच परिणामाकडे पाठ फिरवण्याला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवतो. फलाशा सोडणे आणि परिणाम न पाहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. उलट बहुतेक वेळा फलाशाच माणसाला परिणाम पाहू देत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या कामात सापडतो. त्याचे दोन शोध जगभर पसरले आणि दोन्ही पुढे घातक ठरले, पण नैतिकदृष्ट्या ते एका मापाने मोजता येत नाहीत.

ओहायो राज्यातल्या डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत मिजली चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली इंजिनाच्या नॉकिंगवर उपाय शोधत होता. सिलिंडरमध्ये इंधन ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकते, ठोके बसू लागतात, शक्ती वाया जाते आणि इंजिन झिजते. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने हे ठोके थांबतात असे दिसले. एका गॅलन पेट्रोलला जेमतेम काही ग्रॅम पुरत होते. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होते हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होते; ते शेतमालापासून तयार होते आणि जळल्यावर शिसे मागे ठेवत नाही. मात्र ते बऱ्याच मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे, आणि त्याच्यावर पेटंट घेता येत नव्हते. शिशाच्या मिश्रणावर घेता येत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये हे पेट्रोल विक्रीला आले. त्याचे नाव ठेवले ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हा नवीन नव्हते. रंगकाम, छपाई आणि खाणी यांतल्या कामगारांचे आजार वैद्यकाला परिचित होते. मिजली स्वतः १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेमुळे काम थांबवून फ्लॉरिडात विश्रांतीसाठी गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि त्यांपैकी पाच दगावले. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांसमोर मिजलीने ते द्रव हातांवर ओतून घेतले आणि सुमारे मिनिटभर त्याची वाफ हुंगली. धोका नाही हे लोकांना पटावे, एवढाच या प्रात्यक्षिकाचा उद्देश. वर्षानुवर्षे थोडे थोडे शिसे शरीरात गेल्यावर काय होते, याविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नव्हते.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. उद्योगाच्या बाजूने फ्रँक हॉवर्ड यांनी या रसायनाला जवळजवळ ईश्वरी देणगीच म्हटले. देवाचे नाव अशा जागी आले की श्रद्धावान माणसाने सावध व्हायला हवे, कारण देणगी म्हटले की तिची तपासणी करण्याचे कारण उरत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी उलट बाजू मांडली. कारखान्यातल्या कामगाराला एक वेळ जपता येईल, पण रस्त्यावर पसरणारे शिसे आवरता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. परिषदेनंतर नेमलेल्या समितीने अल्पकाळ अभ्यास करून पुढच्या वर्षी बंदीला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले आणि अभ्यास चालू ठेवण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात पुढची अनेक दशके या विषयावरचे संशोधन बहुतांशी उद्योगाच्याच पैशावर चालले. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर आघात करते. पृथ्वीचे वय ठरवणारे क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये वातावरणातल्या शिशाचा मोठा भाग माणसानेच सोडलेला असल्याचे दाखवले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले आणि त्याचा बुद्धिमापनाशी संबंध जोडला. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

दुसरा शोध १९२८ चा. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे, आणि ते गळले की घरातली माणसे गुदमरत. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न जळणारा, विषारी नसलेला वायू शोधला: क्लोरोफ्लुरोकार्बन. इथे हिंसा टाळण्याचाच विचार होता, आणि इजा कोणाला होईल याचे त्या काळी मिळू शकणारे उत्तर शोधकांकडे होते. हाच वायू कित्येक वर्षे टिकून वर चढतो, अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोन नष्ट करतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. मिजली १९४४ मध्येच गेला होता. नंतर १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. या शोधाबद्दल मिजलीला दोष देणे अन्याय्य आहे. पण १९७४ नंतर ज्यांनी ही शंका उडवून लावली, त्यांना अज्ञानाचा आडोसा घेता येत नाही. कर्तव्य माणसाबरोबर संपले नाही. माहिती जशी हाती आली तसे ते पुढच्यांकडे सरकले.

जैन विचारात या दोन शोधांमधला फरक नेमका पकडणारी व्याख्या आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, जीवाला पोचवलेली इजा ती हिंसा, असे म्हटले आहे. केवळ हेतू नाही आणि केवळ परिणामही नाही; मधल्या जागेत सावधपणा उभा आहे. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास १९७९ मध्ये वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले. तंत्रज्ञानाचा हात जेवढा लांब, तेवढी दूरदृष्टी हे कर्तव्यच, आणि अनर्थाची शंका असेल तर तिला आशेपेक्षा अधिक वजन द्यावे, हे त्यांचे प्रतिपादन. त्याची मर्यादाही आहे. शंकेलाच सर्वस्व मानले तर कोणतेही औषध रोग्यापर्यंत पोचणार नाही, आणि काही न करण्यानेही माणसे मरतात. गीतेने अर्जुनाला रणातून परत पाठवले नाही, ते याच कारणाने.

अक्षय ऊर्जेच्या संशोधनात हाच प्रश्न पुन्हा शिशाच्याच रूपाने आला आहे. महाराष्ट्रातले साखर कारखाने आज उसापासून आणि मळीपासून इथेनॉल तयार करतात. डेटनमध्ये मागे राहिलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी पेट्रोलमध्ये परतले. त्यालाही हिशेब आहे, आणि उसाला लागणारे पाणी त्यात मांडलेच पाहिजे. शिसे मात्र सौरऊर्जेत आले. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांनी पेरोव्स्काइट या जातीच्या पदार्थाचा सौर घट केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनसारखी भट्टी लागत नाही, द्रावणातून पातळ थर देता येतो. पण सर्वांत चांगल्या घटांमध्ये शिसे आहे, आणि ते पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. प्रमाण थोडे आहे, या युक्तिवादाने १९२५ ची आठवण व्हावी. फरक असा की या वेळी प्रश्न माल बाजारात पसरण्याआधी विचारला जातो आहे. घट फोडून त्यावर पाणी सोडतात आणि किती शिसे बाहेर येते ते मोजतात. शिसे धरून ठेवणारे थर घटाच्या दोन्ही बाजूंनी लावून पाहतात. शिशाऐवजी कथील वापरतात, जे हवेत लवकर बिघडते आणि वीज कमी देते. कार्यक्षमतेचा विक्रम ज्याच्या नावावर होतो त्याची फलाशा, आणि छतावर गारपीट झाल्यावर काय होईल हे पाहणाऱ्याची सावधगिरी, यांतला ताण एकाच प्रयोगशाळेत, कधी एकाच माणसात असतो.

घटांपेक्षा कितीतरी अधिक शिसे आजच वापरात आहे ते बॅटरीत. घरच्या सौर पॅनेलला किंवा इन्व्हर्टरला जोडलेली शिसे-आम्लाची बॅटरी काही वर्षांनी भंगारात जाते. परवाना नसलेल्या ठिकाणी ती कोयत्याने फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात आणि प्लेटा उघड्या भट्टीत वितळवतात. धूर आणि धूळ शेजारच्या वस्तीत जाते, आणि त्यातले शिसे तिथल्या मुलांच्या रक्तात उतरते. स्वच्छ ऊर्जेचा हा भाग बॅटरी बनवणाऱ्याला दिसत नाही, विकत घेणाऱ्यालाही नाही. पण तो आधी न दिसण्यासारखा मुळीच नाही. वितळवण्याऐवजी द्रावणातून शिसे वेगळे काढण्याच्या पद्धतींवर रसायनशास्त्रज्ञ काम करत आहेत, आणि जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी भारतातल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.