गोंदलेला हात

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवसांसाठी घरी आला होता. स्वारी मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे पुढे आली, तरी ह्याचे डोळे मोबाइलातच. मास्तराच्या सवयीने मी डोकावलो. पडद्यावर एका म्हातारीचा हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत रांगेने चढत गेलेल्या गाठी, आणि शेजारी हिरवट गोंदण : तुळशीवृंदावन, खाली कुणाचे तरी नाव.

"कोण रे ही?"

"केस आहे, मामा."

मग सगळी हकीकत कळली. वॉर्डात सर्वांना कातडीच्या क्षयाचा संशय होता. ह्याने फोटो काढून विद्यार्थ्यांच्या आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात टाकला. तासाभरात हिमाचलातल्या एका डॉक्टरने विचारले, 'काटा टोचला होता का?' टोचला होता. सरपण गोळा करताना, बाभळीचा. मातीतली एक बुरशी अशा जखमेतून शिरते आणि गाठी रांगेने वर चढवते. आपल्याकडे क्वचित, पण हिमालयाच्या पायथ्याशी नेहमीचा आजार. तपासणीत तोच निघाला.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर. ज्ञान असे विनाशुल्क, हाकेसरशी धावून येते हे पाहून मला भरूनच आले. २०१२ साली डब्लिनच्या परिषदेच्या सुमारास ह्या खुल्या वैद्यकीय शिक्षणाला 'फोम' असे नाव मिळाले. एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, तिसऱ्याने त्यातून शिकावे. असली पाठशाळा आमच्या नशिबी कुठली?

तरीपण त्या गोंदणावरून माझी नजर हलेना.

"तिला विचारलेस?"

"चेहरा कुठे आहे त्यात?" भाचा म्हणाला. आणि नियमही त्याच्याच बाजूने निघाला. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत लिहिले आहे, की नियतकालिकात फोटो छापताना रुग्णाची ओळख उघड होणार नसेल, तर संमती लागत नाही. पण ओळख म्हणजे का फक्त चेहरा? टोरांटोत २०१३ साली डॉक्टरांना असे फोटो एकमेकांना दाखवण्यासाठी 'फिगर वन' नावाचे ॲप निघाले. ते चेहरा आपोआप झाकते. तुळशीवृंदावन कोण झाकणार? त्या म्हातारीच्या गावात तिला हातावरून ओळखणाऱ्या पन्नास बायका तरी असतील.

पूर्वीही खाटेभोवती विद्यार्थ्यांचा गराडा पडे. पण तिथे रोगी जागा असे. पदर ओढून घेई, एखाद्या आगाऊ पोराला खडसावीही. फोटोला पदर ओढता येत नाही.

हे मी ऐटीत बोललो खरा. पण भाच्याने विचारले, "विचारले असते आणि ती नको म्हणाली असती, तर? क्षयाचीच औषधे चालू राहिली असती." मला उत्तर सुचेना. शिवाय फुकटच्या खाटेवर पडलेली बाई डॉक्टरला 'नको' म्हणू शकते का? तिचा होकार तरी कितपत खरा?

आणि बोलणारा मी तरी कोण? माझ्या पहिल्या कादंबरीत मी शेजारच्या एका काकूंचे दुःख वापरले आहे. नाव बदलले, गाव बदलले. त्यांच्या बोलण्यातली एक लकब तेवढी राहून गेली. काकूंनी पुस्तक वाचले, मुकाट्याने परत पाठवले, आणि त्या वर्षापासून त्यांच्याकडून येणारे चकल्यांचे ताट बंद झाले. टीकाकारांनी मात्र ती व्यक्तिरेखा 'जिवंत' म्हणून वाखाणली होती. काकूंना मी आधी का विचारले नाही? त्या नको म्हणतील ह्या भीतीने, दुसरे काय!

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो काही बोलला नाही. अनारशाचा तुकडा मोडत बसला.

भाऊबीज आटोपून तो परत गेला. आठवड्याने त्याचा फोन आला. म्हातारी अजून वॉर्डातच होती. तिच्या खाटेशी बसून त्याने फोटो दाखवला, कुणाकुणाला पाठवला होता ते सांगितले, आणि म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणाल तर पुसून टाकतो."

तिने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. गोंदणावरून बोट फिरवले. "हे माझ्या भावाचं नाव," म्हणाली. "गेला तो." मग मान वर करून तिने विचारले,

"एवढ्या डाक्तरांनी बघितला म्हणतोस, लेकरा. मग मला झालंय तरी काय? मला कुणीच सांगितलं न्हाई."