सटीचा लेख आणि टाचेतला थेंब

आमच्या पेडण्याच्या घरी बाळाच्या सहाव्या रात्री सटी पुजतात. पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येऊन कपाळी लेख लिहून जाते, असा समज. माझी थोरली आत्या ठेंगणी, जाड जिभेची, बोलायला जड होती. जन्मभर तिने विहिरीचे पाणी ओढले आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, एवढेच म्हणत राहिलो : तिच्या सटीने तसे लिहिले.

गेल्या वर्षी नातू झाला. तिसऱ्या दिवशी नर्सबाईने त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड टीपकागदावरच्या वर्तुळांत टिपले, तेव्हा आत्या आठवली. ही युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. थेंब वाळतो, बर्फाशिवाय टपालाने जातो. जन्मजात थायरॉइडची उणीव त्यात सापडली आणि पहिल्या काही आठवड्यांत रोजची एक स्वस्त गोळी सुरू झाली, तर मूल चारचौघांसारखे वाढते. उशीर झाला, तर मेंदूचे नुकसान भरून येत नाही. आत्याचे दुखणे हेच होते का, आता कोण सांगणार? ती जन्मली तेव्हा ही तपासणी नव्हतीच. पण पुढेही आम्ही कुणा डॉक्टरला विचारले नाही, ते त्या ‘लेखा’मुळेच.

गोवा सरकारने २००८ साली नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली, तेव्हा एका थेंबातून अनेक विकार ओळखता येत होते. पण उपाय नसलेला विकार आईबापांना सांगावा काय? विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी कसोट्या लिहिल्या, त्यांत उपचार असावा ही एक. मलाही ते पटत होते. सून म्हणाली, “बाबा, औषध नसलं तरी दुसऱ्या बाळाआधी मला कळायला नको?” मी गप्प बसलो.

मात्र सांगणाऱ्याने मग हातही धरायला हवा. दोडामार्गची बाई बांबोळीला बाळंत होते नि बाळ घेऊन हद्दीपलीकडे माहेरी जाते. तिच्यामागे अहवाल घेऊन कोणत्या सरकारचा माणूस जाणार?

सटीच्या रात्रीपर्यंत आमचा अहवाल आला नव्हता. सौ.ने नेहमीप्रमाणे कोरा कागद ठेवला. पुढल्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावले : जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य कमी आहे. त्यावर गोळी नाही. काही वस्तू टाळायच्या, एवढेच. नाहीतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिवतापावरचे प्रायमाक्विन त्यांतले एक, कपड्यांतल्या डांबरगोळ्या दुसरे.

घरी येताच सौ.ने दुपट्यांची जुनी पेटी अंगणात ओतली, गोळ्या वेचून फेकल्या आणि सगळे कपडे पुन्हा धुवायला घेतले.